खाराने धुतलेल्या नळ्या

माझ्या हातून आयुष्यात एकच काम जरा जास्तच स्वच्छ झालं, आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही. आता आमच्याकडे मासा येतो तो बर्फात गारठलेला, ट्रकमधून, कुठल्या तरी लांबच्या मुलखातून. नातसून त्याला नळाखाली धरून खसाखसा घासते आणि वर मलाच, आजेसासूला, विचारते, "आइता, अजून धुऊ का?" मी म्हणते, धू बाई, त्याला कुठे आपल्या गावचा वास आहे जाऊ नये म्हणून जपायला! तिला वाटतं म्हातारी चिडली. चिडत नाही मी. मी या घरात आले तेव्हा मीही तिच्यासारखीच होते, दिसेल ते धुवायचे.

बांगलादेशची लढाई संपली, त्याच्या पुढच्या फाल्गुनात माझं लग्न झालं. आम्हीही कैवर्तच, मासे धरणाऱ्यांतले, पण माझ्या बापाने जाळं सोडून शाळेची घंटा धरली होती. माहेर सडकेवर, अंगण रोज सारवलेलं, पाण्याशी संबंध विहिरीपुरता. आणि सासर थेट बिलाच्या काठावर. ब्रह्मपुत्रेने कधीकाळी टाकून दिलेलं एक वळण, तेच आमचं शलमारी बील. तीस-बत्तीस घरं, घराघरापुढे जाळी वाळत घातलेली, आणि हवेला चोवीस तास माशाचा वास. पहिले आठ दिवस मी नाकाला पदर लावून जेवले. सासू म्हणाली, "बोवारी, नाक माहेरी ठेवून यायचं होतंस." बोवारी म्हणजे सून. सासूची जीभ तशीच होती. मन वाईट नव्हतं, पण जिभेला हाड नाही म्हणतात ना, तिच्या जिभेला तर लगामही नव्हता.

माझे सासरे डंबरू. गाव त्यांना खुरा, म्हणजे काका, म्हणायचं. मी त्यांना देउता म्हणायचे, म्हणजे वडीलच. उंच, काळेसावळे, वाकलेले, आणि डोळ्यांनी जवळजवळ गेलेले. उजेड आहे की अंधार, एवढंच त्यांना कळायचं. जाळं टाकणं सुटलं होतं, गळ सुटला होता, होडीत एकट्याने बसणं सुटलं होतं. उरलं होतं एकच काम, वामीच्या नळ्या. वामीला आमच्याकडे बामी म्हणतात.

नळ्या म्हणजे काय, तर बांबूचे तुकडे. हातभरापेक्षा जरा लांब, आतली पेरं सळईने फोडलेली, दोन्ही तोंडं उघडी. त्या बिलाच्या तळाशी गाळात आडव्या टाकायच्या आणि सुंभाने खुंट्यांना बांधायच्या. वाम रात्रभर तळाशी हिंडते. लांबुडकं, मऊ, सारखं हलणारं नाक तिचं. त्या नाकाने गाळ हुंगत जायचं आणि किडे, गांडुळं, कोळंबीची पिल्लं गट्टम करायची. उजाडायला लागलं की तिला लपायला जागा हवी. अंगाएवढी अंधारी नळी सापडली की ती आत शिरून दिवसभर झोपून राहते. सकाळी माणसाने छातीभर पाण्यात उतरायचं, दोन तळव्यांनी नळीची दोन्ही तोंडं एकाच वेळी घट्ट दाबायची, उचलायची, आणि टोपलीवर धरून एक तळवा सोडायचा. बोटभर फट राहिली तर वाम गेलीच समजा. डोळ्यांचं मात्र त्यात काहीच काम नाही.

देउतांनी खुंट्याखुंट्यांमधून एक दोर बांधून घेतला होता. दोराला हात लावून ते पाण्यातून चालायचे आणि एकामागून एक तीस नळ्या उचलायचे. नळी उचलली की आतल्या वामीचं नाक तळव्याला लागायचं, त्यावरून ती केवढी आहे हे ते टोपलीत पडायच्या आधी सांगायचे. कधी नळीत पाणसाप निघायचा, तोही त्यांना तळव्यावरच कळायचा. म्हणायचे, "तिलाही कमी दिसतं, मलाही कमी दिसतं. दोघं कातडीवर चालतो, म्हणून आमचं जमतं."

मला हे काही ठाऊक नव्हतं तेव्हा. लग्नाला दीड महिना झाला आणि बोहाग बिहू आला, आमचा नववर्षाचा सण. बिहूच्या आधी घर असं निघायला हवं की माशीचा पाय घसरावा. सासू दोन दिवस भावाकडे गेली आणि जाताना बजावून गेली, "मी येईन तेव्हा या घरात एक काळी वस्तू दिसता कामा नये." मला तेवढंच हवं होतं. म्हटलं, दाखवतेच यांना, शाळेच्या घंटेवाल्याची पोरगी काय असते ते! भांडी झाली, पाट झाले, माग झाला, भात कांडायची ढेकी झाली. मग घरामागे केळींच्या सावलीत एक खड्डा दिसला. त्यात चिखल, चिखलात हे तीस बांबूचे तुकडे, आतून बुळबुळीत, हिरवे-काळे, आणि वास असा की देवा रे!

आमच्याकडे केळीच्या वाळलेल्या साली जाळून त्या राखेतून पाणी गाळतात, त्याला खार म्हणतात. भाजीत घालतात, त्यानेच कपडे धुतात. सासूने वर्षभराचा खार मडक्यात भरून ठेवला होता. मी काठीला चिंधी बांधली आणि एकेका नळीत खार ओतून ती आतून घासली. काळं पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडलं नाही. मग तीसच्या तीस नळ्या चैत्राच्या उन्हात रांगेने वाळत घातल्या. पिवळ्याधमक दिसत होत्या. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि स्वतःवर खूश झाले.

शेजारची रूपही, तिला मी बाइदेउ म्हणजे ताई म्हणायचे, कुंपणावरून डोकावली. तिचा हात तोंडावर गेला. "तिलेश्वरी! हे काय केलंस गं बये?"

"धुतल्या. किती घाण होत्या."

"घाण? अगं, नऊ वर्षं मुरलेल्या नळ्या त्या! मोसम नसला की वास टिकावा म्हणून चिखलात ठेवतात. आतल्या बुळबुळीला वामीचा वास असतो, त्या वासानेच दुसरी वाम आत शिरते. धुतलेल्या नळीत वाम पाय ठेवत नाही."

"वामीला पाय कुठे असतात?" मी म्हटलं. 

"हस, हस! तुझ्या सासूने एकदा एकच नळी धुतली होती, तर डंबरू खुरा तिच्याशी महिनाभर बोलले नव्हते. आणि तू तीस! माझ्या तोंडून काही जाणार नाही, पण तुझं तू बघ."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी सगळ्या नळ्या उचलल्या, पुन्हा खड्ड्यात घातल्या, वरून चिखल लिंपला. संध्याकाळी सासू आली, घर पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "बरं केलंस." त्या दोन शब्दांनी माझं तोंड आणखीच शिवलं गेलं.

बिहूच्या जेवणाला माझा नवरा पदुम फेरीघाटावरून आला. तो घाटावर होड्यांच्या दोरांचं काम करायचा. बापावर जीव होता त्याचा, पण मागच्या पावसात देउता दोर सुटून खोल पाण्यात गेले होते आणि पदुमने त्यांना केसांना धरून ओढून काढलं होतं. तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं होतं. तो म्हणाला, "देउता, आता बास. ओसरीवर बसा. तुम्हाला दोन वेळचं घालायला मी आहे ना?"

"तू घालशील रे. पण आणणार कोण, हा प्रश्न आहे. सकाळी उठून मी कुठे जाऊ?"

"बसायचं. तांबूल खायचा. लोक काय करतात म्हातारपणी?"

"मरतात," देउता म्हणाले.

सासू खेकसली, "सणाच्या दिवशी काय अभद्र बोलता!"

देउता थोडा वेळ भात चिवडत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. ज्येष्ठाच्या पौर्णिमेला नळ्या टाकतो. अमावास्येपर्यंत पंधरा दिवस. त्यात एक जरी वाम घरी आणली तर यापुढे हा विषय काढायचा नाही. नाही आणली, तर बसतो ओसरीवर. मग माझ्या हातांचं काही खरं नाही, असं मीच म्हणेन."

पदुम हसला. पंधरा दिवसांत एक वाम! बाप पंधरा दिवसांत साठ आणायचा. तो म्हणाला, "कबूल." मी ताटावरून उठले आणि मागच्या दारी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

नव्या सुनेने सासऱ्याचा हात धरायचा नाही अशी त्या घरची रीत होती. म्हणून काठीचं एक टोक मी धरायचे, दुसरं देउता, आणि मी पुढे चालायचे. आधी हे काम सासूचं होतं, मी आल्यावर माझ्याकडे आलं. पौर्णिमेच्या दिवशी मी त्यांना असंच काठावर नेलं आणि एकेक नळी त्यांच्या हातात दिली. पहिली हातात घेतली तसे ते थांबले. बोट आत घातलं, बाहेर काढलं, नाकाजवळ नेलं.  मग नळ्या एकेक करून तळाला टाकल्या, बांधल्या, आणि म्हणाले, "चल माजनी, भूक लागली." लाडात आले की ते मला माजनी म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी तीसही नळ्या रिकाम्या. तिसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी एका नळीत खेकडा. गावात कुजबुज सुरू झाली, कारण बाकीच्यांच्या टोपल्या भरत होत्या. घाटावर कुणी तरी टोमणा मारला, "काय डंबरू खुरा, वामींना आमंत्रण द्यायचं राहिलं का?" देउता म्हणाले, "दिलंय रे, पण त्या आधी तुझ्याच घरी जेवायला गेल्यात." सगळे हसले. घरी येईपर्यंत देउतांच्या चेहऱ्यावर ते हसू टिकलं नाही, ते फक्त मी पाहिलं.

सासू तर रोज टोपली पालथी करून दाखवायची. "ही बघा लक्ष्मी! डोळे गेले, आता हातही गेले. पाण्यात उभं राहून नुसते पाय भिजवून येतात." देउता ताकास तूर लागू देत नव्हते. आणि मी मूग गिळून बसले होते. रोज सकाळी काठावर बसून मनाशी म्हणायचे, आज सांगते. घरी येऊन सासूचं तोंड पाहिलं की सगळं धैर्य गळून जायचं. नवी नवरी होते हो, अठरा वर्षांची. त्या घरात मला अजून माझा पाट कुठला हेही ठरलं नव्हतं.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मी रूपही बाइदेउला गाठलं. म्हटलं, मला जकोई धरायला शिकव. जकोई म्हणजे बायकांचं मासे धरायचं बांबूचं सूप, तीन कोनांचं. ते पाण्यात टेकवायचं आणि पायाने गाळ तुडवत मासा त्यात हाकायचा. आयुष्यात कधी चिखलात पाय न घातलेली मी, गुडघाभर पाण्यात नाचत होते. बाइदेउ हसून हसून खाली बसली. "अगं, भात मळतेस का? पाय जोराने आपट!" अंधार पडता पडता जकोईत काही तरी वळवळलं. वाम! मी आनंदाने झडप घातली आणि किंचाळले. वामीच्या पाठीवर काट्यांची रांग असते, सुट्या सुट्या काट्यांची. पुढे जाताना ते अंगाला मिटलेले असतात, पण शेपटीकडून धरायला जा, ती अंग पिळते आणि मागे सरकत काटे घुसवते. माझ्या तळहातातून रक्ताची धार लागली. तरी सोडली नाही मी तिला.

ती मडक्यात पाणी घालून झाकून ठेवली. पहाटे कोणी उठायच्या आधी बिलावर गेले, कंबरभर पाण्यात उतरले, काठाजवळची पहिली नळी चाचपडून काढली, वामीला आत कोंबलं आणि दोन्ही तोंडांना जलकुंभीच्या पानांचे सैल बोळे लावले. घरी येऊन साडी बदलली. मग काठीचं टोक धरून देउतांना घेऊन पुन्हा तिथेच गेले.

देउता पाण्यात उतरले. पहिली नळी उचलली. मी काठावर उभी. त्यांनी बोळे काढून फेकले, तळवे लावले आणि कान नळीजवळ नेला. आतून काटे बांबूला टिकटिक लागत होते, काठावर मलाही ऐकू येत होतं.

"माजनी," ते हळूच म्हणाले, "इकडे ये."

मी काठाला गेले.

"स्वतःहून झोपायला आलेली वाम काटे मिटून झोपते. ही बिचारी काटे उभे करून जागी आहे. हिला कोणी कोंबली?"

मी रडायला लागले. रडत रडत सगळं सांगितलं. बिहू, खार, चिंधी, ऊन, सगळं. ते ऐकून घेत होते आणि नळीवरचे तळवे तसेच होते.

"मला पहिल्याच दिवशी कळलं गं. नळीला तुझ्या सासूच्या खाराचा वास होता. नऊ वर्षांत तसा वास नव्हता कधी. आणि तुझ्या सासूला ती चूक पुन्हा करायची छाती नाही. राहिलं कोण?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू म्हातारी होऊन मरेपर्यंत या घरात नळ्या धुणारीच राहिली असतीस. तिची जीभ तुला ठाऊक नाही, मला चाळीस वर्षांची ठाऊक आहे. तुला इथे जन्म काढायचाय. मला काय, एक मोसम."

"पण पैज! देउता, आता हातात वाम आहे. घरी न्या ना. कोण विचारतंय!"

त्यांनी नळी पाण्यात बुडवली आणि दोन्ही तळवे काढले. वाम गेली. मी अक्षरशः डोक्यावर हात मारला.

"पैज माझ्या नळीची होती," ते म्हणाले, "तुझ्या जकोईची नाही. आणि घरी गेल्यावर एक अक्षर बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे."

दुपारी पदुम आला. देउता पाटावर बसले होते. म्हणाले, "हात गेले रे, पदुम. तुझंच खरं." पदुमला जिंकल्याचा आनंद झाला नाही, तो खाली बघत राहिला. आणि सासू, जी पंधरा दिवस तोंडाचा पट्टा चालवत होती, ती एक शब्द बोलली नाही. आत जाऊन चुलीपुढे बसली आणि धुराच्या नावाखाली डोळे पुसत राहिली. मी भात वाढत होते. तोंड उघडायला तेवढा एक क्षण पुरला असता. मी शपथेच्या आड लपले. खरं सांगायचं तर शपथ नसती तरी मी तेव्हा बोलले नसते.

तो सगळा पावसाळा देउता ओसरीवर बसले. नळ्या तशाच बिलात, खुंट्यांना बांधलेल्या. ते म्हणाले, "राहू देत, मुरतील." दिवसभर सुंभ वळायचे. बिलात पूर चढला, अंगणाच्या पायरीला पाणी लागलं, आणि ते मला वामीच्या गोष्टी सांगायचे. पूर आला की माद्या वेलींच्या, गवताच्या मुळांत अंडी घालतात, ती चिकट असतात, वाहून जात नाहीत. पाणी आटलं की वाम गाळात शिरून बसते, वर नुसतं नाकाचं टोक. लहानपणी ते आणि त्यांचा भाऊ आटलेल्या बिलात अनवाणी चालायचे आणि पायाला टोचलं की ओरडायचे, इथे आहे! त्यांच्या आईने काळी मिरी घालून केलेल्या वामीच्या रश्शाचं सांगताना ते ओठ चाटायचे. मी मागावर बसून ऐकायचे. इतकं सुख मला माहेरीही लाभलं नव्हतं, आणि त्याच सुखाच्या आत माझी चूक रोज मला टोचायची. सकाळी ठरल्या वेळेला ते उठायचे, काठी हातात घ्यायचे, मग आठवायचं आणि परत ठेवायचे. ते काठी ठेवणं मी शंभर वेळा पाहिलं.

भाद्रपदात त्यांना ताप आला. वीस दिवस हटला नाही. उठले तेव्हा अर्धे झाले होते आणि हात थरथरायला लागले होते. बोटांना मुंग्या येतात म्हणायचे. एका दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना त्यांनी अडकित्ता उचलला, सुपारी धरली, ती दोनदा घरंगळली. मग त्यांनी दोन्ही वस्तू सासूपुढे सरकवल्या आणि म्हणाले, "तू फोडून दे."

माझ्याने राहवलं नाही. मी ताट बाजूला केलं आणि म्हटलं, "नळ्या मी धुतल्या होत्या. खाराने. बिहूच्या आधी. देउतांचे हात कधीच गेले नव्हते."

 मग सासू फुटली. "खाराने? माझ्या खाराने? तरीच म्हटलं मडकं आषाढातच तळाला कसं गेलं! अगं अवदसे, तीस नळ्या! स्वतःचं तोंड धुवायचं होतंस!" मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही! तुम्हाला वासावरून कळलंच असणार! तुमच्या तोंडात काय बोळा बसवला होता? मी रोज टोपली उपडी करून तुम्हाला बोलत होते, आणि तुम्ही ऐकून घेत होता! मला पापात घातलंत ना!" असं म्हणून ती मोठ्याने रडायला लागली.

पदुम भरल्या ताटावरून उठला. मला वाटलं आता मारतो. तो बाहेर गेला, संध्याकाळी परत आला तेव्हा डोक्यापर्यंत चिखलाने भरलेला. बिलातला कुजलेला दोर काढून त्याने घाटावरचा नवा दोर सगळ्या खुंट्यांना बांधला होता. देउतांसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "चुकलं माझं. पाणी उतरलं की चला. मी काठावर उभा राहीन, पण पाण्यात तुम्हीच."  देउतांनी चाचपडून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थरथरत होता.

कार्तिक लागला तेव्हा आम्ही गेलो. पाणी थंड आणि नितळ, तळाचा गाळ दिसत होता. पदुम काठावर. मी या वेळी टोपली घेऊन देउतांबरोबर पाण्यात. रीतभात गेली खड्ड्यात, मी त्यांचं कोपर धरलं होतं. ते हसत होते. इतके महिने मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पहिली नळी. त्यांनी वाकून दोन्ही तोंडांवर तळवे दाबले. डाव्या हाताची दोन बोटं वरच राहिली. त्यांना ते कळलंच नाही. नळी अर्धी वर आली आणि त्या फटीतून एक लांबुडकं नाक बाहेर आलं, इकडेतिकडे हललं, आणि मग अख्खी वाम, हातभर लांब, तपकिरी, त्यांच्या मनगटावरून सरकत खाली निघून गेली. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. नळी टोपलीवर धरून त्यांनी तळवा सोडला. पाणी पडलं.

"होती?" त्यांनी विचारलं.

नळ्या मुरल्या होत्या. वास परत आला होता, वामी परत आल्या होत्या. आता खरंच हात गेले होते. त्यांच्या हातांचा शेवटचा चांगला मोसम मी गप्प बसून खाल्ला होता.

"नव्हती, देउता. रिकामी."

दुसरी खरंच रिकामी निघाली. तिसरीतून एक गेली, पाचवीतून दोन गेल्या. प्रत्येक वेळी ते विचारायचे आणि मी नाही म्हणायचे. नवव्या नळीनंतर ते थांबले. दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर आणले, दिसत असल्यासारखे. हसू गेलं होतं. "पाच महिने पाण्यात आहेत नळ्या," ते म्हणाले, "आता तरी यायला हवी होती. का गं, माजनी, का माझे..."

ते वाक्य मी त्यांना पुरं करू दिलं नाही.

"देउता, मी तुम्हाला एक सांगितलंच नव्हतं. एकदा नाही, प्रत्येक नळीत तीन तीनदा खार ओतला होता मी. वर उकळतं पाणीही. तो वास असा पाच महिन्यांत कसा जाईल? अजून वर्ष लागेल, दोन वर्षं लागतील. सगळं माझंच पाप आहे."

"तीनदा?"

"तीनदा."

"उकळतं पाणी?"

"हो."

 मग त्यांची छाती हलली आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की काठावरचे बगळे उडाले. "अगं बये, नळ्या धुतल्यास की नळ्यांचं श्राद्ध घातलंस!" मग काठाकडे तोंड करून ओरडले, "ऐकलंस का रे, पदुम? तुझ्या बायकोने तीनदा धुतल्यात म्हणे! हातांना काही झालेलं नाही माझ्या!"

"ऐकलं, देउता," पदुम म्हणाला. तो काठावरून पाण्याच्या कडेला आला होता. पाणी नितळ होतं, त्यालाही सगळं दिसत होतं.

देउता ताठ झाले, दोराला हात लावून पुढच्या खुंट्याकडे निघाले आणि दहाव्या नळीवर दोन्ही तळवे दाबले. तिच्यातून मोठी वाम निघाली, माझ्या पदराला घासून गेली.

"होती?"

"नव्हती, देउता."